त्यांच्या हातचे पाणी : राज्याच्या आरोग्यमंत्र्यांस अनावृत पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई, यांसी


दरवर्षी ३० जानेवारीचा दिवस उजाडला, की आपल्या खात्याच्या वतीने ग्रामसभांतून कुष्ठरोगाविषयीचे जिल्हाधिकाऱ्यांचे आवाहन वाचले जाते, रोग्याशी भेदभाव न करण्याची प्रतिज्ञा उभ्याने उच्चारली जाते, आणि सभेच्या इतिवृत्तात तिची रीतसर नोंद होऊन तो विषय पुढील वर्षापर्यंत दप्तरात विसावतो. २०१७ सालापासून चालत आलेला हा परिपाठ मी निरर्थक मानत नाही. ज्या रोगाचा उल्लेख करताना आमच्या वडीलधाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येत असे, त्याचे नाव भर सभेत आणि सरकारी शिक्क्यानिशी घेतले जावे, हेही काही थोडके नव्हे. परंतु प्रतिज्ञेने माणूस फार तर सावध होतो. तो कनवाळू होतोच असे नाही. माणसाच्या ठायी करुणा कशाने उपजते, कशाने खोल जाते, आणि सरकारसारख्या यंत्रणेला त्या बाबतीत काही करता येण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न आपल्यासारख्या अधिकारपदस्थ व्यक्तीपुढे मांडावा, एवढ्याच हेतूने वर्धा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने ही लेखणी हाती घेतली आहे.

दुःखाने माणूस कोमल होतो, असे एक सुभाषितवजा मत आपल्याकडे फार जुने आहे, आणि ते ऐकायला इतके गोड वाटते की त्याची पारख करण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही. वस्तुतः आपल्या घरांतला अनुभव पुष्कळदा उलट साक्ष देतो. उमेदीची वर्षे जिने सासुरवासात काढली, चुलीपुढे बसून जिने मुकाट्याने टोमणे गिळले, तीच सून कालांतराने सासू झाली म्हणजे आपल्या सुनेच्या वाट्याला तोच सासुरवास, कधीकधी अंमळ वाढीव मापाने, घालते. आणि महाराष्ट्रात १९९९ साली कायद्याने मना केलेला रॅगिंगचा प्रकार वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून जेव्हा जेव्हा डोके वर काढतो, तेव्हा छळणारा विद्यार्थी हा बहुधा मागल्या वर्षी छळला गेलेलाच असतो. सोसलेल्या दुःखाने एखाद्याचे मन विशाल होते हे जितके खरे, तितकेच त्याने दुसऱ्याचे मन आक्रसते, हिशेबी होते, आपल्या वाट्याला आलेले दुसऱ्याच्याही वाट्याला यावे अशी सूक्ष्म आस धरते, हेही खरे आहे. तेव्हा दुःख हा करुणेचा एकटा जनक नव्हे. त्याच्या जोडीला आणखी काहीतरी असावे लागते.

ते काय, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे मला प्रथम पंडिता रमाबाईंची आठवण होते. मद्रास इलाख्यात १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अशी तिघे थोड्याथोड्या अंतराने निवर्तली, आणि संस्कृत विद्येवाचून दुसरी काहीही इस्टेट नसलेली ही तरुण मुलगी आपल्या भावासह उपाशीपोटी देशभर पायी हिंडत राहिली. पुढे वीसएक वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातल्या अन्नछत्रांच्या आणि मदतकेंद्रांच्या आसऱ्याला आलेल्या निराधार मुलींची काय गत होत आहे हे कळताच त्या तिकडे धावून गेल्या, आणि शेकडो मुलींना व विधवांना त्यांनी केडगावी आणले. भुकेची आठवण त्यांच्यापाशी होती, हे तर उघडच आहे. परंतु तशी आठवण त्या पिढीतल्या असंख्य स्त्रीपुरुषांपाशीही होती, आणि त्यातले बहुतेक सुखवस्तू झाल्यावर आपले धान्याचे कोठार पूर्वीपेक्षा अधिक मजबूत कुलुपाने बंद करू लागले असतील, तर त्यात नवल नाही. रमाबाईंच्या बाबतीत त्या आठवणीला मधल्या काळात एक निराळा सहवास घडला होता : १८८९ साली काढलेल्या शारदा सदनात त्या विधवा मुलींसोबत राहिल्या, त्यांच्या पंक्तीला जेवल्या, त्यांच्या आजारपणात उशाशी बसल्या. स्वतःचे दुःख आणि दुसऱ्याचा सहवास या दोहोंच्या संयोगावाचून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले नसते, असे माझे नम्र मत आहे.

परंतु ‘सहवास’ म्हणजे तरी नेमके काय? दुःखिताच्या नुसत्या जवळ असणे म्हणजे सहवास असेल, तर आपल्या तीर्थक्षेत्रांइतकी करुणेची दुसरी पाठशाळा या देशात नाही. पिढ्यान्‌पिढ्या घाटांच्या पायऱ्यांवर आणि देवळाच्या वाटांवर बोटे झडलेली, पायाला चिंध्या गुंडाळलेली माणसे रांगेने बसत आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू त्यांच्या पुढ्यातल्या फडक्यावर पैसा टाकून पुढे जात आले. तो पैसा टाकताना हात किती वर धरला जातो, हे आपण कधी निरखून पाहिले असेल, तर माझ्या म्हणण्याचा आशय आपल्या तत्काळ ध्यानी येईल. देणाऱ्याची बोटे घेणाऱ्याच्या तळहाताला लागू नयेत, इतक्या उंचीवरून ते नाणे सुटते. दात्याला पुण्य मिळते, रोग्याला पैसा मिळतो, आणि त्या दोघांमध्ये यत्किंचितही नाते उत्पन्न होत नाही. आयुष्यभर असे दान करूनही माणसाचे अंतःकरण होते तेथेच राहू शकते, कारण त्याने दिले सर्व काही, पण घेतले काहीच नाही.

आपल्या समाजात माणसामाणसांतले खरे अंतर दानाने कधीच मोजले गेलेले नाही. ते मोजले जाते कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही यावरून. ज्याला आपण धान्य, जुनी वस्त्रे, सणाचे उरलेसुरले अन्न अशा हजार गोष्टी देत आलो, त्याच्या हातचा पाण्याचा पेला मात्र आपण घेतला नाही, आणि तो न घेण्यातच त्याची पायरी त्याला रोज नव्याने दाखवून दिली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो सत्याग्रह केला, त्याचा विषय पाणी असावे हे म्हणूनच यथार्थ होते. जातीच्या बाबतीत जे घडले तेच, आणखी निष्ठुर स्वरूपात, या रोगाच्या बाबतीत घडले. कारण येथे जातीचाच नव्हे, तर पोटचा मुलगाही बापाच्या हातचे पाणी घेईनासा झाला.

सरकारचे धोरण या बाबतीत काय होते, हे आपल्या खात्याच्या जुन्या दप्तरांत नमूद असेलच. नॉर्वेतल्या बर्गन शहरी हान्सेन या वैद्याने १८७३ साली या रोगाचा जंतू हुडकून काढला, आणि रोग पूर्वजन्मीच्या पापाने होतो या समजुतीला शास्त्राचा आधार उरला नाही. परंतु पापाची भीती जाऊन तिच्या जागी संसर्गाची भीती आली, आणि अलगपणा मात्र कायम राहिला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या साहाय्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करून आपल्या वाङ्मयावर उपकार केले, त्यांनीच १८९० साली शहरातल्या निराश्रित रोग्यांसाठी माटुंग्याजवळ आश्रयस्थान काढले. हेतू भला होता, व्यवस्थाही त्या काळच्या मानाने चांगली होती. १८९८ साली मात्र हिंदुस्थान सरकारने जो कायदा केला, त्याने निर्धन रोग्याला पकडून अशा ठिकाणी डांबून ठेवण्याचा अधिकार अंमलदारांना मिळाला. सधन रोगी आपल्या माडीवर राहू शकत होता; बंदिवास होता तो भीक मागणाऱ्याला. तो कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकातून निघाला तो २०१६ साली, म्हणजे रोगावर हमखास औषध सापडून एक पिढी उलटल्यावर.

या सरकारी आणि धार्मिक अलगपणाला पहिला खरा छेद आमच्या मुलुखात गेला, हे सांगताना मला अभिमान वाटतो. परंतु अभिमानापेक्षा त्यातली युक्ती आपल्या नजरेस आणून देणे मला अधिक अगत्याचे वाटते. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे रोग्यांची वसाहत काढली. ज्या काळी हे काम बहुतांशी परदेशी मिशनऱ्यांनीच करावे असा संकेत होता, त्या काळी एका भारतीयाने रोग्यांबरोबर शेती, सूतकताई आणि दिनचर्या यांत आयुष्य घालवावे, ही गोष्ट विलक्षण होती. पुढे १९३९ साली, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी असलेले परचुरेशास्त्री हा रोग जडलेल्या अवस्थेत सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या झोपडीच्या जवळपास कुटी बांधविली आणि त्यांच्या अंगाला ते स्वतः मालिश करीत, हा प्रसंग छायाचित्रांमुळे सर्वतोमुखी झाला आहे. लोकांच्या ध्यानात राहिला तो मालिश करणारा महात्मा. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की परचुरेशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते याचा गांधीजींना विसर पडला नाही, आणि आश्रमातल्या एका विवाहाचे पौरोहित्य त्यांनी शास्त्रीबोवांकडून करविले. ज्याच्या सावलीला लोक भीत, त्याच्या मुखातून वधूवरांनी आशीर्वाद घेतला. मालिशीने रोग्याच्या देहाला आराम पडतो; आशीर्वाद मागितल्याने तो पुन्हा माणसांत येतो.

त्यानंतर १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन उभे केले, आणि त्याच सुमारास वरोऱ्यात मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे नावाचा एक वकील नगरपालिकेचे उपाध्यक्षपद सांभाळीत असताना भंग्यांच्या बरोबरीने मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहत होता. गांधीजींनी ज्याला अभयसाधक म्हटले होते, तो हा गृहस्थ पावसातल्या एका रात्री गटारीकाठी पडलेल्या, अंगात किडे पडलेल्या रोग्याला पाहून घाबरून पळाला. ही हकीकत बाबांनी स्वतःच पुढे अनेकवार सांगितली. ते परत फिरले, त्यांनी त्या माणसावर आडोसा उभा केला, अखेरपर्यंत त्याची सेवा केली, हे सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते निराळ्याच गोष्टीकडे. कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले, आणि सरकारकडून मिळालेल्या खडकाळ रानात पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रोगी यांच्यासह ते राहायला गेले, तेव्हा त्यांनी प्रथम इस्पितळ काढले नाही. सर्वांनी मिळून विहीर खणायला घेतली. १९५१ साली विनोबांच्या हस्ते ज्या आनंदवनाचे उद्घाटन झाले, त्यातले पहिले पाणी असे रोग्यांच्या हातचे होते, आणि ते पाणी आमटे कुटुंब पीत होते.

यानंतरची हकीकत आपल्या खात्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. आनंदवनात भाजी पिकू लागली, दूधदुभते होऊ लागले. पण वरोऱ्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेना. त्या भाजीला या रोग्यांचे हात लागले होते, एवढे कारण पुरे होते. गावकऱ्यांना व्याख्याने देऊन हा अडसर दूर झाला नाही. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात इमारतीच्या कामासाठी येऊन राहिले; ते रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून विटा वाहत, त्यांच्याच पंक्तीला बसत, तीच भाजी खात आणि तेच दूध पीत. गावातले लोक कुतूहलाने पाहायला येऊ लागले, आणि पाहतापाहता विकत घेऊ लागले. पुढे साठच्या दशकात, वरोऱ्याच्या परिसरात महाविद्यालय नसल्याने तरुणांची आबाळ होत होती तेव्हा, आनंदवनाने आपली जागा आणि आपले श्रम देऊन महाविद्यालयाची इमारत उभी करून दिली. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांनी बांधलेल्या वर्गांत गावाची मुले पदवीधर झाली. वरोऱ्यातल्या भीतीचा कणा मोडला तो येथे. गावाने रोग्यांना काही दिले म्हणून तो मोडला नाही; गावाला त्यांच्याकडून काही घ्यावे लागले म्हणून मोडला.

माझ्या सांगण्याचे सार हेच, की करुणा खोल जाते ती दुःखिताच्या हातून काही स्वीकारल्याने. जोवर आपण केवळ देतो, तोवर आपण उंचावर उभे असतो, आणि उंचावरून दिसते ते दुःख, माणूस नव्हे. ज्या क्षणी त्याच्या हातचे पाणी, त्याने पिकविलेली भाजी, त्याने शिकविलेली विद्या आपण घेतो, त्या क्षणी तो आपला ऋणको राहत नाही आणि आपणही त्याचे मायबाप राहत नाही. स्वतः सोसलेले दुःखसुद्धा अशा देवघेवीत आले तरच मऊ पडते. एकांतात राहिले तर त्याचा अभिमान होतो, किंवा विखार.

या सिद्धान्ताला खुद्द रोगाच्या स्वरूपातही आधार सापडतो, आणि तो काव्यमय नसून निव्वळ शारीरिक आहे. या व्याधीत बोटे आपोआप झडतात, अशी लोकांची समजूत होती, आणि कित्येक डॉक्टरांचीही होती. तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले आणि वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी १९४७ च्या सुमारास रोग्यांचे हातपाय बारकाईने तपासून असे दाखवून दिले, की जंतू मज्जातंतूंना बधिर करतो, आणि वेदना कळेनाशी झाल्यामुळे भाजणे, कापणे, खडा रुतणे, निजलेल्या माणसाचे बोट रात्री उंदराने कुरतडणे अशा दुखापतींतून अवयवाचा नाश होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्याला स्वतःची जखम जाणवत नाही, त्याला ती दाखवणारे दुसरे डोळे लागतात. जुन्या वसाहतींत संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून, घट्टा खरवडून, तेल लावून एकमेकांचे तळवे निरखण्याचा जो रिवाज आहे, तो याच गरजेतून आला. कित्येक ठिकाणी मलमपट्टी करणारा ड्रेसर हाच पूर्वीचा रोगी असतो, मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची चप्पल शिवणाराही पूर्वीचा रोगी असतो, आणि कोणत्या पायाला कोठे दाब पडतो हे त्याला नवशिक्या डॉक्टरापेक्षा पुष्कळदा आधी कळते. दुःखाने त्यांना ज्ञान दिले, सहवासाने ते ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडले. आणि आपण मात्र त्या ज्ञानाला आजवर कोणत्याही आस्थापनेच्या तक्त्यात स्थान दिले नाही.

आता औषधाविषयी दोन शब्द. कडूकवठीच्या तेलापासून निघालेला उपचाराचा प्रवास डॅप्सोनवरून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या बहुविध औषधोपचारापर्यंत आला. आज जंतूंचे प्रमाण पाहून सहा महिने किंवा बारा महिने औषध घेतले, की रोगी बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत त्याच्यापासून संसर्गाचा धोका उरत नाही. २००५ च्या अखेरीस दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने निर्मूलनाची मर्यादा देशाने गाठली. हे यश आपल्या खात्याच्या हजारो सेवकांचे आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ न राहणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्ञानाने भीती जाते हा जो एक सुशिक्षित भाबडेपणा आहे, त्याला याच रोगाने सर्वांत मोठा धक्का दिला आहे. रोग बरा होतो हे माहीत असूनही अंगावरचा बधिर चट्टा महिनोन्‌महिने पदराआड वा बाहीआड लपविला जातो, आणि बरे झालेल्या माणसाच्या मुलीचे लग्न मोडते.

कायद्याची चालही अशीच संथ राहिली. २००८ साली, म्हणजे ज्या वर्षी ९ फेब्रुवारीला बाबा आमटे निवर्तले त्याच वर्षी, ओडिशातल्या नगरपालिकेवर निवडून आलेल्या सभासदाला या रोगाच्या कारणावरून अपात्र ठरविणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली. मात्र विधिमंडळाने तिचा फेरविचार करावा असेही सुचविले. २०१५ साली विधी आयोगाने असे सर्व भेदभाव दूर करण्याची शिफारस केली, आणि २०१९ साली घटस्फोटाचे कारण म्हणून या रोगाचा उल्लेख वैयक्तिक कायद्यांतून वगळला गेला. नगरपालिकेच्या त्या प्रकरणाचे मर्म मला फार झोंबते. ज्याला पेन्शन देण्यास, शिधा देण्यास, दयेचा विषय करण्यास कोणाची हरकत नव्हती, त्याने लोकांचा कारभार करावा हे मात्र कायद्याला रुचले नाही. म्हणजे घेणारा म्हणून तो मान्य होता आणि देणारा म्हणून अमान्य.

येथे एक आक्षेप आपल्या सचिवालयातला एखादा विचक्षण अधिकारी घेईल, आणि त्याने तो घ्यावाच. तो म्हणेल, की निरोगी लोकांची मने उदार व्हावीत म्हणून रोग्यांच्या दुःखाचा धड्यासारखा उपयोग करणे हाही एक प्रकारचा अन्यायच नव्हे काय? आक्षेप सर्वथा रास्त आहे. वसाहतीला भेट देऊन, डोळे ओलावून, छायाचित्रे काढून परतणाऱ्या सहलींनी पाहुण्यांच्या मनाला हलके वाटते आणि तेथल्या रहिवाशांना आपण प्रेक्षणीय वस्तू झाल्यासारखे वाटते, हे मी शिक्षक या नात्याने अनेकदा पाहिले आहे. एकदा मात्र एका वसाहतीतल्या वृद्ध विणकराने माझ्या वर्गाला भाषण न करता मागावर बसविले. बोटे नसलेल्या हाताने धोटा कसा फेकायचा हे दाखविले, मुलांच्या हातून धागा तुटला तेव्हा त्यांना मोकळेपणाने रागावले, आणि धडा संपल्यावर स्वतःच्या घरचा चहा पाजला. मुले क्षणभर घुटमळली आणि मग प्याली. परतीच्या वाटेवर त्या मुलांच्या बोलण्यात दयेचा शब्द नव्हता. धागा आपल्याच हातून का तुटतो, याचा वाद चालला होता. आक्षेपाला उत्तर द्यायचे तर ते असे, की रोगी हा पाठ्यपुस्तक नसून मास्तर असला पाहिजे, आणि मास्तराला जशी सनद, मान आणि वेतन असते, तशी ती त्यालाही असली पाहिजेत.

सबब आपल्या विचारार्थ चार गोष्टी सादर करतो.

पहिली अशी, की वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबे दत्तक देण्याचा जो उपक्रम आता अभ्यासक्रमात आला आहे, त्यात राज्यातल्या जुन्या कुष्ठवसाहतींतली कुटुंबे समाविष्ट करण्याची तजवीज वैद्यकीय शिक्षण खात्याच्या संमतीने व्हावी, आणि पायांची निगा, व्रणाची मलमपट्टी व पादत्राणाची जुळणी हे विषय तेथल्या अनुभवी, रोगमुक्त व्यक्तींनीच शिकवावेत. त्यांना मानधन मिळावे, आणि विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकावर त्यांची स्वाक्षरी लागावी. ज्या भावी डॉक्टराला आपल्या उत्तीर्णतेसाठी अशा एखाद्या वाकड्या बोटांच्या स्वाक्षरीची वाट पाहावी लागेल, तो पुढे कोणत्याही रोग्याकडे पाहताना निराळ्या नजरेने पाहील, अशी माझी खात्री आहे.

दुसरी अशी, की कुष्ठरोग शोधमोहिमेच्या वेळी आशा स्वयंसेविकेबरोबर शक्य तेथे एक रोगमुक्त व्यक्ती सवेतन नेमावी. चट्टा लपविणाऱ्याला जितका धीर तज्ज्ञाच्या आश्वासनाने येतो, त्याहून अधिक तो ‘मलाही झाला होता, मी बरा झालो’ असे दारात उभे राहून सांगणाऱ्या माणसाने येईल. शिवाय एकाच गावी एकच सेवक काही वर्षे टिकेल असे बदल्यांचे धोरण ठेवावे. दर वर्षी नवा चेहरा आला, तर नाते जुळायला अवधीच मिळत नाही.

तिसरी अशी, की राज्याच्या कायद्यांत व नियमांत या व्याधीच्या आधारे नागरिकाचा हक्क वा अधिकारपद हिरावणारी एखादी तरतूद अजून शिल्लक असेल, तर विधी व न्याय खात्याकडून तिची झडती घेववून ती रद्द करण्याचे विधेयक आपण पुढाकाराने मांडावे.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तीत खर्च सर्वांत कमी आणि धैर्य सर्वांत अधिक लागते. आनंदवनासारख्या संस्थांतून आणि राज्यातल्या इतर वसाहतींतून चादरी, सतरंज्या, टॉवेल, पायपुसणी असे कितीतरी कापड विणले जाते. सरकारी इस्पितळांना लागणाऱ्या चादरींचा एक निश्चित हिस्सा या मागांवरून, रास्त दराने आणि दर्जाची चाचणी करून, विकत घेण्याचा आदेश आपल्या खात्याने काढावा. ही दया नव्हे, खरेदी आहे. निविदेतल्या इतर कोणत्याही मालाप्रमाणे तो माल खराब निघाला तर परत पाठवावा. परंतु जिल्हा रुग्णालयात भरती झालेला प्रत्येक आजारी माणूस, कोणत्याही जातीचा, कोणत्याही दर्जाचा, त्या हातांनी विणलेल्या चादरीवर निजेल, आणि ती चादर कोणी विणली हे तिच्या काठावर छापलेले असेल. आपल्या अभियानाच्या भित्तिपत्रकांनी जे साधत नाही, ते या काठावरच्या दोन ओळींनी साधण्याचा पुष्कळ संभव आहे.

करुणा ही सरकारी ठरावाने उत्पन्न होत नाही, हे मी जाणतो. तसा ठराव आपल्याकडे मागण्याइतका मी अव्यवहारी नाही. परंतु माणसे एकमेकांच्या जवळ यावीत की दूर राहावीत, कोणी केवळ घ्यावे आणि कोणी केवळ द्यावे, याची आखणी मात्र सरकार रोज करीत असते : इमारतींच्या नकाशांतून, बदल्यांच्या आदेशांतून, खरेदीच्या निविदांतून आणि नेमणुकांच्या यादीतून. १८९८ साली ती आखणी माणसांना तोडण्यासाठी झाली. ती जोडण्यासाठी करण्याचा अधिकार आज आपल्या हाती आहे, आणि त्याला नवी यंत्रणा वा मोठी तरतूद लागत नाही. पुढील ३० जानेवारीला प्रतिज्ञेचे वाचन होण्यापूर्वी या चार विनंत्यांपैकी निदान खरेदीच्या आदेशावर आपली स्वाक्षरी झालेली असावी, आणि त्या आदेशाखालची पहिली चादर खुद्द मुंबईतल्या सरकारी रुग्णालयात अंथरली जावी, एवढी अपेक्षा ठेवून हे पत्र पुरे करतो.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
वर्धा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक